उपकरण-वर्णनातील क्लॉक : नाव आणि क्रम

एखाद्या लहान संगणकीय यंत्रात घड्याळे किती असतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्य माणूस ‘एक’ असे देईल. वस्तुतः तळहातावर मावणाऱ्या बोर्डावरील एका चिपमध्ये अशी घड्याळे पन्नासांवरही असू शकतात. त्यांतले कोणते घड्याळ कोणत्या उपकरणाने कोणत्या कामासाठी वापरावयाचे, हे ड्रायव्हरला कोठून तरी कळावे लागते. ते कळविण्याचे दोन मार्ग आहेत : एक नावाने आणि दुसरा क्रमाने. वरवर पाहता ही निवड लेखनशैलीची वाटते. तिचे परिणाम मात्र यंत्र चालणे किंवा न चालणे येथपर्यंत पोहोचतात. प्रस्तुत लेखात लिनक्स प्रणालीतील उपकरण-वर्णनाच्या आधारे या प्रश्नाची मांडणी करावयाची आहे.

१. एका लोहमार्गावरील दोन घड्याळे

हा प्रश्न संगणकाने प्रथम निर्माण केला असे नाही. ठाणे आणि कल्याण या गावांना तो दीडशे वर्षांपूर्वीच भेटला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली उतारू गाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्या काळी प्रत्येक गावाची वेळ तेथल्या सूर्यावरून ठरत असे. रेखांशाच्या एका अंशामागे चार मिनिटे, या हिशेबाने ठाण्याचा मध्यान्ह मुंबईच्या आधी अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक, तर कल्याणचा सुमारे सव्वा मिनिट आधी होतो. एवढा फरक कोणाला जाणवण्यासारखा नव्हता. जाणवला तो वेगळाच फरक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रेल्वेची वेळापत्रके मद्रास वेळेवर चालत. मद्रास वेळ ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे आणि मुंबई वेळ ४ तास ५१ मिनिटे, म्हणजे दोहोंत बरोबर अर्ध्या तासाचे अंतर होते.

अशा स्थितीत ‘गाडी आठ वाजता सुटेल’ हे वाक्य अपुरे ठरते. दोन्ही घड्याळे बिनचूक चालत असली, तरी ज्याने आपले घड्याळ मुंबई वेळेस लावले आहे, त्याची गाडी त्याचे साडेसात वाजतानाच निघून जाते. दोष घड्याळाच्या यंत्रात मुळीच नसतो. वेळ सांगणाऱ्याने कोणते घड्याळ मनात धरले आणि ऐकणाऱ्याने कोणते धरले, यांत तो असतो. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकीर्दीत मुंबईतील सरकारी व्यवहार मद्रास वेळेवर नेण्याचा प्रयत्न झाला. लोकांनी त्यास विरोध केला आणि १८८३ मध्ये तो सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ५ तास ३० मिनिटांची भारतीय प्रमाण वेळ आली, तरीही मुंबईत ३९ मिनिटे मागे चालणारी मुंबई वेळ १९५५ पर्यंत काही व्यवहारांत टिकून राहिली. एकाच जागी अनेक घड्याळे नांदत असतील, तर प्रत्येक उल्लेखाबरोबर त्या घड्याळाची ओळख पटविणारी खूण असलीच पाहिजे, हा या इतिहासाचा बोध आहे. चिपच्या अंतर्भागात नेमकी हीच परिस्थिती असते.

२. एका उपकरणास दोन क्लॉक का

चिपमधील क्लॉक म्हणजे दिवसाची वेळ सांगणारे घड्याळ नव्हे. ठराविक वारंवारतेने येणारी विद्युत्-स्पंदनांची अखंड माळ, एवढाच त्याचा अर्थ आहे. बोर्डावरील एक स्फटिक मूळ स्पंदने देतो. चिपमधील गुणक-मंडले त्यांची वारंवारता वाढवितात, भाजक-मंडले ती कमी करतात, आणि दरवाजासारखी काम करणारी मंडले एखादी माळ चालू वा बंद करतात. अशा रीतीने एका मुळापासून फांद्या फुटत जाऊन क्लॉकचा एक वृक्ष तयार होतो.

या वृक्षाच्या टोकाशी बसलेल्या उपकरणास बहुधा एकाहून अधिक क्लॉक लागतात. आर्म कंपनीने आखलेला ‘पीएल०११’ हा यूएआरटी, म्हणजे तारेवरून एकामागून एक बिट पाठविणारा घटक, हे त्याचे सुबोध उदाहरण होय. त्याचे एक क्लॉक बाहेरच्या तारेवरील बिटांचा वेग ठरविते. त्याचे रूढ नाव ‘यूआर्टक्लॉक’. दुसरे क्लॉक प्रक्रियक आणि हा घटक यांच्यामधील बसची बाजू चालविते. त्याचे नाव ‘एपीबी_पीक्लॉक’. पहिले नसेल तर तारेवर काही जात नाही. दुसरे नसेल तर प्रक्रियकाला या घटकाच्या नोंदवह्याच वाचता येत नाहीत, आणि कित्येक चिपांत असा प्रयत्न केल्यास सबंध बस अडकून पडते. दोन्ही क्लॉकच आहेत, पण त्यांची कामे भिन्न असल्यामुळे एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

३. वर्णन यंत्राचे, ड्रायव्हर सर्वांचा

हे सर्व ज्ञान पूर्वी ड्रायव्हरच्या किंवा बोर्डाच्या खास आज्ञावलीतच लिहिलेले असे. आर्मच्या चिपा आणि बोर्ड यांची संख्या वाढत गेली, तसा लिनक्समधील अशा आज्ञावलींचा पसारा आवरेनासा झाला. २०११ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी त्याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केल्यानंतर आर्मच्या विभागाने ‘डिव्हाइस ट्री’ ही पद्धती व्यापक प्रमाणावर स्वीकारली. तिचे मूळ १९९४ च्या आयट्रिपलई १२७५ या ओपन फर्मवेअर मानकात आहे, आणि पॉवरपीसी यंत्रांवर ती लिनक्समध्ये आधीच रुळली होती. या पद्धतीत बोर्डावर कोणती उपकरणे आहेत आणि ती कशी जोडलेली आहेत, याचे वर्णन आज्ञावलीबाहेर एका स्वतंत्र फायलीत असते. यंत्र सुरू होताना ही फाईल कर्नेलच्या हाती दिली जाते. लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, सर्व चिपांच्या क्लॉकांसाठी माइक टर्केट यांनी रचलेली एक समान चौकटही उपलब्ध झाली.

या वर्णनात क्लॉक पुरविणारा आणि क्लॉक घेणारा अशा दोन बाजू असतात. पुरविणारी बाजू आपल्याकडील क्लॉकांना क्रमांक देते. घेणारे उपकरण ‘क्लॉक्स’ या नोंदीत ‘अमुक पुरवठादाराचे अमुक क्रमांकाचे क्लॉक’ अशी यादी लिहिते. तिच्या शेजारी ‘क्लॉक-नेम्स’ ही दुसरी यादी असते आणि तीत नावे असतात. कोणत्या उपकरणाच्या नोंदीत काय, किती व कोणत्या क्रमाने लिहावयाचे, याचा जो लेखी नियम असतो त्यास ‘बाइंडिंग’ म्हणतात. बाइंडिंग हा वर्णन लिहिणारा आणि वर्णन वाचणारा यांच्यामधील करार होय. हे वर्णन एकट्या लिनक्ससाठी नसते. यंत्र सुरू करून देणारी यू-बूट ही आज्ञावली व फ्रीबीएसडी ही प्रणालीही त्याच प्रकारच्या वर्णनांचा उपयोग करतात, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

४. नाव हाही एका अर्थी क्रमच

नावाने मागितलेले क्लॉक ड्रायव्हरला कसे मिळते, हे नीट पाहिले पाहिजे, कारण येथेच पुष्कळांची समजूत चुकते. नाव हे क्लॉकला चिकटविलेले असते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्षात तसे नसते. ड्रायव्हरने ‘एपीबी_पीक्लॉक’ मागितले म्हणजे चौकट ‘क्लॉक-नेम्स’ या यादीत ते नाव कितव्या जागी आहे हे शोधते. ते दुसऱ्या जागी सापडले, तर ‘क्लॉक्स’ या यादीतील दुसरे क्लॉक उचलून देते. म्हणजे नाव हे जागेचा क्रमांक काढण्याचे साधन मात्र आहे. दोन याद्या समांतर आहेत आणि त्यांना जोडणारा दुवा केवळ क्रमाचा आहे.

या रचनेचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा की, एका यादीत अदलाबदल झाली आणि दुसरीत झाली नाही, तर नाव बिनचूक सापडते आणि क्लॉक भलतेच मिळते. अशा वेळी कोणताही चुकीचा संदेश उमटत नाही, कारण चौकटीच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित घडलेले असते. दुसरा परिणाम त्याहून सूक्ष्म आहे. ड्रायव्हरने नाव न देताच क्लॉक मागितले, तर चौकट यादीतील पहिले क्लॉक देते. डिव्हाइस ट्री येण्यापूर्वीच्या काळात कित्येक उपकरणांचे मुख्य क्लॉक अशा बिननावी पद्धतीनेच मागितले जाई, आणि तो प्रघात त्या ड्रायव्हरांतून पुढेही टिकून राहिला.

‘पीएल०११’ च्या बाबतीत दोन्ही पद्धती एकाच उपकरणात एकत्र येतात. आर्मच्या अशा घटकांची ओळख पटविण्याचे काम कर्नेलमधील बसचा थर करतो. घटकाचा ओळख-क्रमांक वाचण्यापूर्वी तो ‘एपीबी_पीक्लॉक’ हे क्लॉक नावाने मागून चालू करतो. त्यानंतर खुद्द यूएआरटीचा ड्रायव्हर येतो, आणि तो नाव न घेता पहिले क्लॉक मागतो. आता एखाद्याने दोन्ही याद्या सारख्याच उलट्या लिहिल्या, म्हणजे आधी बसचे क्लॉक व नंतर यूएआरटीचे, आणि नावेही त्याच क्रमाने लावली, असे समजा. नावांच्या दृष्टीने हे वर्णन निर्दोष आहे. बसच्या थरास आपले क्लॉक बरोबर मिळते. ड्रायव्हरला मात्र बसचे क्लॉक मिळते. याच कारणास्तव ‘पीएल०११’ च्या बाइंडिंगने पहिले क्लॉक यूएआरटीचेच असले पाहिजे व दुसरे बसचे, असे नाव आणि क्रम दोन्ही बांधून दिले आहेत.

५. चुकीचा हिशेब : एक गणित

ही चूक प्रत्यक्षात कशी दिसते, हे रास्पबेरी पाय या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत सर्वपरिचित असलेल्या बोर्डावरून पाहता येईल. २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत ‘बीसीएम२८३५’ ही चिप असून तिच्यात ‘पीएल०११’ आहे. या चिपच्या क्लॉकांच्या यादीत यूएआरटीच्या क्लॉकचा क्रमांक १९ आणि व्हीपीयू, म्हणजे चिपच्या गाभ्याच्या क्लॉकचा क्रमांक २० आहे. यूएआरटीच्या वर्णनात ही दोन क्लॉक याच क्रमाने, ‘यूआर्टक्लॉक’ व ‘एपीबी_पीक्लॉक’ या नावांनी दिली आहेत.

ड्रायव्हर तारेवरील वेग साधण्यासाठी क्लॉकच्या वारंवारतेस हव्या असलेल्या वेगाच्या १६ पटीने भागतो आणि येणारा भाजक घटकाच्या नोंदवहीत लिहितो. यूएआरटीचे क्लॉक ४८ मेगाहर्ट्झ आणि हवा असलेला वेग सेकंदास १,१५,२०० बिट असेल, तर भाजक सुमारे २६.०४ येतो. आता क्रम उलटल्यामुळे ड्रायव्हरला २५० मेगाहर्ट्झच्या गाभ्याच्या क्लॉकची वारंवारता मिळाली असे धरू. त्यास भाजक सुमारे १३५.६३ येईल. घटकाच्या आतील तारा काही बदललेल्या नाहीत. तो ४८ मेगाहर्ट्झवरच चालतो आहे. म्हणून तारेवरील प्रत्यक्ष वेग १,१५,२०० ला ४८ ने गुणून २५० ने भागले असता जो येतो तो, म्हणजे सुमारे २२,११८ होईल. ऐकणारे यंत्र एका बिटाच्या जागी पाचांहून अधिक बिट मोजील आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतील.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, ड्रायव्हरचे गणित बरोबर आहे, घटक बरोबर आहे आणि दोन्ही क्लॉक आपापल्या गतीने बिनचूक चालली आहेत. मद्रास वेळेची गाडी मुंबई वेळेच्या घड्याळावर पाहणाऱ्या ठाण्याच्या उतारूसारखीच ही स्थिती आहे.

६. पहारेकऱ्याचे घड्याळ

पडद्यावरील अर्थहीन चिन्हे निदान डोळ्यांना दिसतात. वॉचडॉगच्या बाबतीत चूक दिसतच नाही, आणि म्हणून ती अधिक घातक असते. वॉचडॉग म्हणजे यंत्रावर पहारा करणारा गणक. यंत्रातील आज्ञावलीने ठरलेल्या मुदतीत आपली हजेरी लावली नाही, तर ती अडकली आहे असे मानून हा गणक सबंध यंत्र पुन्हा सुरू करतो.

आर्मचा ‘एसपी८०५’ हा वॉचडॉग ३२ बिटांचा उलटा मोजणारा गणक आहे. तो शून्यावर आला की प्रथम सूचना देतो. दुसऱ्यांदा शून्यावर येईपर्यंत ती सूचना कोणी पुसली नाही, तर यंत्र पुन्हा सुरू करतो. मोजणी दोनदा होत असल्यामुळे लिनक्सचा ड्रायव्हर क्लॉकच्या वारंवारतेच्या निम्म्यास मुदतीच्या सेकंदांनी गुणतो आणि त्यातून एक वजा करून ती संख्या गणकात भरतो. या घटकासही दोन क्लॉक लागतात : एक मोजणीचे व एक बसचे. आर्मच्या व्हर्सटाइल एक्स्प्रेस या बोर्डाच्या वर्णनात मोजणीसाठी ३२,७६८ हर्ट्झचे संथ क्लॉक दिलेले आहे.

आता बसचे क्लॉक २४ मेगाहर्ट्झ आहे आणि क्रम उलटल्यामुळे ड्रायव्हरने तेच मोजणीचे मानले, असे समजू. ६० सेकंदांच्या मुदतीसाठी तो गणकात सुमारे ७२ कोटी ही संख्या भरील. ती ३२ बिटांत सहज बसते, म्हणून कोठेही तक्रार होणार नाही. पण गणक सेकंदास ३२,७६८ याच गतीने उतरणार आहे. एका फेरीस २१,९७३ सेकंद व दोन फेऱ्यांस सुमारे ४३,९४५ सेकंद लागतील. म्हणजे साठ सेकंदांचा पहारा बारा तास बारा मिनिटांचा झाला! उलट दिशेने चूक झाली, तर गणकात ९,८३,०४० च्या जवळची संख्या भरली जाईल आणि २४ मेगाहर्ट्झच्या गतीने दोन्ही फेऱ्या मिळून सेकंदाच्या बाराव्या भागात संपतील. असे यंत्र सुरू होते न होते तोच पुन्हा सुरू होत राहील. या दोन चुकांपैकी दुसरी पहिल्याच दिवशी उघड होते. पहिली मात्र यंत्र खरोखर अडकेल त्या दिवसापर्यंत झाकलेली राहते.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे पंप आणि तापमान सांभाळणारा एखादा नियंत्रक, अथवा कल्याणच्या खाडीकाठी पाण्याची पातळी मोजणारे एखादे निर्मनुष्य यंत्र डोळ्यांसमोर आणले, म्हणजे साठ सेकंद आणि बारा तास यांतील फरकाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पहारेकरी जागेवर आहे, नोंदवहीत त्याची हजेरीही आहे, परंतु त्याच्या हातातील घड्याळ भलतेच आहे.

याच घटकाच्या नावांबाबत २०२० मध्ये लिनक्सच्या वर्णनांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. बाइंडिंगमध्ये मोजणीच्या क्लॉकचे नाव दोन तुकड्यांच्या मध्ये अधोरेषा घालून दिलेले होते. काही बोर्डांच्या वर्णनांत ते अधोरेषेविना सलग लिहिले गेले होते. कर्नेलच्या लेखी ही दोन पूर्णपणे भिन्न नावे होत. तरीही ती यंत्रे चालत राहिली, कारण लिनक्स आणि यू-बूट या दोहोंचे ड्रायव्हर नाव न पाहता पहिलेच क्लॉक घेत होते. उद्या एखाद्या ड्रायव्हरने सद्भावनेने नावाने विचारणा सुरू केली असती, तर हीच यंत्रे बंद पडली असती. चालणारे यंत्र हे वर्णन शुद्ध असल्याचे प्रमाण नव्हे, हा धडा यातून मिळतो.

७. दोष झाकून का राहतो

अशा चुका दीर्घकाळ झाकून राहण्यास आणखी दोन कारणे आहेत. पहिले असे की, साध्या बोर्डांवर उपकरणाची दोन्ही क्लॉक पुष्कळदा एकाच २४ मेगाहर्ट्झच्या मुळातून आलेली असतात. दोन्ही सारखी असल्यावर अदलाबदलीने काहीच बिघडत नाही. हेच वर्णन नमुना म्हणून पुढच्या बोर्डासाठी उतरवून घेतले जाते, तेथे दोन क्लॉक वेगळी असतात, आणि जुनी निरुपद्रवी चूक नव्या जागी उपद्रवी होते.

दुसरे कारण यंत्र सुरू होण्याच्या प्रक्रियेत आहे. यू-बूटसारखी आज्ञावली कर्नेलच्या आधी चालते आणि काही क्लॉक चालू करून ठेवते. कर्नेलच्या प्रारंभीच्या टप्प्यात ती तशीच चालू असतात. म्हणून ड्रायव्हरने चुकीचे क्लॉक मागितले असले, तरी योग्य क्लॉकही योगायोगाने चालू असते. प्रारंभ संपत आला की चौकट ज्यांची कोणीच मागणी केली नाही अशी क्लॉक वीज वाचविण्यासाठी बंद करते. उपकरण त्या क्षणी मुके होते. दोष उपकरणात किंवा वीजपुरवठ्यात असावा असा समज होऊन शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. या अवस्थेत बिनमागणीची क्लॉक बंद न करण्याची सूचना कर्नेलला प्रारंभीच देऊन पाहावी. तेवढ्याने उपकरण चालू राहिले, तर दोष क्लॉकच्या मागणीत आहे असे समजण्यास आधार मिळतो. ही निदानाची रीत आहे, उपाय नव्हे. उपाय वर्णन दुरुस्त करणे हाच.

८. नाव कसे असावे

मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्यांवरील अक्षरे ठाणे-कल्याणच्या रहिवाशांस पाठ असतात : ‘टी’ म्हणजे ठाणे, ‘के’ म्हणजे कल्याण, ‘डीएल’ म्हणजे डोंबिवली. ‘डी’ हे एकेरी अक्षर दादरचे आहे. कर्जतची गाडी ‘एस’ आणि कसाऱ्याची ‘एन’ ही अक्षरे धारण करते. त्या गावांच्या नावांत ही अक्षरे पहिली नाहीत, तरी रोजचा उतारू चुकत नाही, कारण तीत एक ठरलेला संकेत आहे व तो बदलत नाही. नावाचे पहिले कर्तव्य ठरलेले असणे हे आहे. त्याने अर्थ सुचविणे ही पुढची पायरी झाली. अधोरेषेच्या वरील उदाहरणात नाव अर्थपूर्ण होते, पण एकच नव्हते.

नावाचे दुसरे लक्षण त्याच्या क्षेत्रासंबंधी आहे. ठाण्यास पूर्व-पश्चिम आहे, डोंबिवलीसही आहे, कल्याणासही आहे. ‘पूर्वेस भेटू’ या शब्दांना स्थानकाचे नाव कळल्याखेरीज अर्थ नाही, आणि ते कळल्यावर संदेह उरत नाही. ‘क्लॉक-नेम्स’ मधील नावेही अशीच त्या त्या उपकरणापुरती असतात. दहा उपकरणांत ‘एपीबी_पीक्लॉक’ हे नाव आले तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक जण आपल्याच यादीत पाहतो. यावरून असे निष्पन्न होते की, नाव उपकरणाच्या बाजूने पाहून द्यावे. हे क्लॉक माझ्या कोणत्या दारातून आत येते, हे त्याने सांगावे. ते कोणत्या गुणक-मंडलातून निघाले हे नावात घातले, तर तेच उपकरण दुसऱ्या चिपमध्ये बसविताच नाव खोटे ठरते. क्लॉक कोठून आले हे सांगण्यास ‘क्लॉक्स’ ही यादी समर्थ आहे. तसेच प्रत्येक नावाच्या शेवटी पुन्हा ‘क्लॉक’ हा शब्द जोडणे अनावश्यक होय, कारण यादीच क्लॉकांची आहे. जुनी नावे रूढ झाल्यामुळे तशीच ठेवावी लागतात. नवीन बाइंडिंग लिहिताना हा भार टाळावा. उपकरणास एकच क्लॉक असेल, तर नावाची गरजच सहसा उरत नाही.

९. क्रम कसा राखावा

क्रमाचा नियम एका वाक्यात सांगता येतो : एकदा दिलेली जागा काढून घेऊ नये. उपकरणाच्या नव्या आवृत्तीस तिसरे क्लॉक लागले, तर ते यादीच्या शेवटी जोडावे, मध्ये घुसवू नये. जे क्लॉक सर्व चिपांत असतेच असे नाही, ते शेवटी ठेवावे, म्हणजे त्याच्या अभावी इतरांच्या जागा सरकत नाहीत. दोन चिपांच्या गरजा फारच भिन्न असतील, तर प्रत्येकीसाठी वेगळी यादी स्पष्ट लिहावी.

पुरविणाऱ्याच्या बाजूसही हाच नियम लागू आहे. ‘बीसीएम२८३५’ च्या क्लॉकांची यादी प्रथम प्रसिद्ध झाल्यावर ‘पीएलएलए’ या गुणक-मंडलाच्या आणखी काही शाखा तीत घालाव्या लागल्या. त्यांच्या सख्ख्या शाखा यादीच्या आरंभी ५ आणि ६ या क्रमांकांवर आहेत. नव्यांना मात्र पूर्वीच्या सर्व क्रमांकांनंतरचे क्रमांक मिळाले. वर्गवारीच्या सौंदर्यापेक्षा जुन्या क्रमांकांची स्थिरता अधिक मोलाची मानली गेली, आणि ते योग्यच होते. मध्ये दोन क्रमांक घातले असते, तर १९ हा क्रमांक यूएआरटीचा राहिला नसता व जुने वर्णन घेऊन चालणाऱ्या प्रत्येक बोर्डावर तो भलत्याच क्लॉकचा झाला असता.

रेल्वेच्या फलाटांतही ही दोन्ही धोरणे पाहावयास मिळतात. कल्याणास फलाट ‘१ अ’ आहे, ठाण्यास ‘१० अ’ आहे. नवीन फलाटास जोडक्रमांक दिल्यामुळे इतरांचे क्रमांक जसेच्या तसे राहतात. उलट, दादर येथे पश्चिम व मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे फलाट १ पासून सुरू होत असल्यामुळे होणारा घोळ मिटविण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नवे क्रमांक देण्यात आले. तो बदल उपयुक्तच होता, पण त्यासाठी फलक बदलावे लागले, उद्घोषणा कराव्या लागल्या आणि लक्षावधी उतारूंना काही दिवस चुकत-शिकत सवय करून घ्यावी लागली. माणसास उद्घोषणा ऐकू येते. खांबावर बसविलेल्या आणि जुन्या वर्णनावर चालणाऱ्या यंत्रास ती ऐकू येत नाही. कर्नेल नवा आणि वर्णन जुने, अशी जोडी प्रत्यक्ष व्यवहारात नेहमीच आढळते, कारण वर्णन पुष्कळदा यंत्राबरोबरच कायमचे साठविलेले असते. बाइंडिंगमधील क्रम हा म्हणूनच एका ड्रायव्हरचा खासगी प्रश्न राहत नाही. ज्यांच्यापर्यंत पुन्हा पोहोचता येणार नाही अशा यंत्रांशी केलेला तो करार असतो.

१०. तपासणी

मानवी दक्षतेवर सर्व भार टाकणे इष्ट नव्हे. लिनक्समध्ये बाइंडिंगे गद्याऐवजी यंत्राने तपासता येतील अशा वायएएमएल स्वरूपात लिहिण्याची पद्धती अलीकडच्या काळात रूढ झाली आहे. तीत क्लॉकची संख्या, प्रत्येक जागेचा अर्थ आणि त्या जागेचे नेमके नाव सांगता येते. वर्णनाची फाईल तिच्याशी ताडून पाहिली असता अधोरेषेसारखी चूक, नावांचा उलटा क्रम अथवा कमी पडलेले क्लॉक तत्काळ उघड होते. मात्र या तपासणीस एक मर्यादा आहे. नावांची यादी बरोबर असून ‘क्लॉक्स’ मधील क्रमांकांचीच अदलाबदल झाली असेल, तर ती हिला कळत नाही, कारण क्रमांक १९ यूएआरटीचा आहे की गाभ्याचा, हे तिला ठाऊक नसते. तेवढ्यासाठी चिपची माहिती-पुस्तिका उघडावीच लागते, आणि चालू यंत्रावर कर्नेलने दाखविलेला क्लॉकवृक्षाचा गोषवारा, म्हणजे कोणते क्लॉक किती वारंवारतेने चालू आहे व त्यास किती मागणीदार आहेत, हे पाहावे लागते. वॉचडॉगच्या बाबतीत तर हजेरी मुद्दाम थांबवून, हातात घड्याळ धरून यंत्र किती सेकंदांनी पुन्हा सुरू होते हे एकदा मोजणे, यासारखी खात्रीची परीक्षा नाही. साठ सेकंदांची मुदत असेल, तर ती परीक्षा एका मिनिटात संपते.

सारांश, नाव आणि क्रम हे परस्परांचे पर्याय नव्हेत. नाव वाचणाऱ्यास अर्थ सांगते, क्रम त्या नावास वस्तूशी जोडतो, आणि बाइंडिंग दोहोंना स्थिर करते. या तिहींपैकी एकाचीही उपेक्षा झाली, तर सर्व घड्याळे बिनचूक चालत असताही यंत्राची वेळ चुकते.